पुसायचा हक्क

आमच्या डस्टर बाई स्वतःचा डस्टर घरून पिशवीत घालून आणायच्या आणि तो कुणाच्याही हाती देत नसत. मॉनिटरच्याही नाही. मुलुंडच्या आमच्या शाळेत त्या नववीला मराठी शिकवायच्या. "लिहील कुणीही, पुसताना विचार करावा लागतो," म्हणायच्या. आम्ही मागच्या बाकांवरच्या मुली हसायचो. डस्टरला कसला आलाय विचार, यार!

फोनच्या बाबतीत मात्र बाई जुनाट नव्हत्या. बाकीचे शिक्षक फोन दिसला की जप्त करायचे, बाईंनी उलट वर्गाचा ग्रुप काढला. प्रत्येकाने कविता वाचायची, व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा. नियम एकच. "जे फळ्यावर नावानिशी लिहायची हिंमत नाही, ते फोनवरही टाकायचं नाही. कळला मां?" बाई हट्टाला पेटल्या की त्यांची मालवणी बाहेर यायची.

शूटिंगचं काम माझ्याकडे, कारण माझा फोन झकास होता आणि तोंड त्याहून मोठं. मनाली वाचताना अडखळायची. मी तिचा अडकलेला तेवढाच तुकडा कापला, खाली 'नेटवर्क गेलं' असं लिहिलं आणि आमच्या टोळीच्या वेगळ्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तो अख्ख्या शाळेत फिरला. दुसऱ्या दिवशी मनाली आली नाही. तिची आई आली. "शाळाच सोडते म्हणतेय हो," एवढंच बाईंना म्हणाली.

बाई ओरडल्या नाहीत, तिथेच माझी वाट लागली. त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, 'मनालीला न विचारता तिचा व्हिडिओ काढायला लावला. चूक माझी.' खाली स्वतःचं पूर्ण नाव. मग खडू माझ्यापुढे धरला. "फोन घेऊन तुला मी उभं केलं, म्हणून आधी मी. आता तू." मी लिहिलं, 'मी तो कापून तिची टिंगल केली.' खाली नाव लिहिताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, तास संपला की पुसाल ना?"

"मी कशाला पुसू? जिची टिंगल झाली, ती येऊन पुसेल."

गणिताचे सर तो कोपरा सोडून प्रमेयं लिहायला लागले. मुख्याध्यापक स्वतः वर्गात आले. "बाई, सोमवारी तपासणी आहे, तेवढं पुसून टाका." बाई म्हणाल्या, "तपासायलाच येतायत ना सर? मग हेही तपासू देत." शाळा सुटली की बाई मला घेऊन मनालीच्या घरी जायच्या. चार जिने, तेही दुखऱ्या गुडघ्यांनी! मनाली आतल्या खोलीतून बाहेर यायची नाही. मी दारातूनच माफी मागायची आणि बाई रोज तेच सांगायच्या, "फळा तसाच आहे गो. तू येईपर्यंत तसाच राहणार."

तपासणी झाली. तपासणीच्या साहेबांनी कोपरा वाचला आणि ते पुढच्या वर्गात गेले. त्यानंतर दोन दिवसांनी मनाली आली. बाईंनी पिशवीतून डस्टर काढला आणि तिच्या हातात दिला. मनालीने बाईंचं सगळं लिहिलेलं पुसलं, नावासकट. माझं तसंच ठेवलं.

"हिचं उ... उद्या," ती म्हणाली.

मला रडू फुटलं. पण खरं सांगते, बरंही वाटलं. उद्या म्हणजे ती उद्याही येणार होती.

आता आम्ही दोघी कॉलेजात आहोत. यंदा बाई निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाला मनालीने त्यांच्यावर लिहिलेलं वाचून दाखवलं. फोन पुन्हा माझ्याच हातात. या वेळी आधी तिला विचारून घेतलं होतं. वाचून झाल्यावर बाई पदराने डोळे टिपत होत्या आणि मी मनालीजवळ गेले.

"ग्रुपवर टाकू?"

"थांब, आधी मला बघू दे." तिने पूर्ण पाहिलं, अडखळलेल्या जागांसकट. मग फोन परत दिला.

"टाक. आणि क... कापू नकोस हं काही."