काळी स्क्रीन, बारीक अक्षरं

गारखेड्यात एका पॅथॉलॉजी लॅबच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. तीन खोल्या, पाच प्रोग्रॅमर आणि एक मालक. मालक पूर्वी स्वतः प्रोग्रॅम लिहायचे, आता फक्त फोनवर बोलायचे. दुष्काळाचं ते लागोपाठ दुसरं वर्ष होतं आणि शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसायचा, त्यामुळं जिन्यात निळे ड्रम मांडलेले असत आणि ओढणी सांभाळत, अंग चोरून वर चढावं लागे. मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या टेबलाशेजारच्या खिडकीतून शहराला लागून असलेले साताऱ्याचे डोंगर दिसायचे. पुढच्या दोन वर्षांत समोर दोन इमारती उभ्या राहिल्या आणि डोंगर गेले. प्यायला पाणी नाही आणि स्लॅबला कुठून मिळतं, असं आम्ही चहा पिताना रोज म्हणायचो.

कामाच्या वस्तूंबद्दल आमची पाच जणांची पाच मतं होती. परभणीहून आलेला एक जण माउसला हात लावणं कमीपणाचं समजायचा. त्याचा एडिटर, म्हणजे कोड लिहायचा प्रोग्रॅम, इतका जुना होता की त्यातून बाहेर कसं पडायचं हेसुद्धा शिकवावं लागायचं. दुसऱ्याला लिहिणं, तपासणं, चालवणं सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये लागायचं. त्याचं सॉफ्टवेअर सुरू व्हायला लागलं की मशीनचा पंखा घरघरायचा आणि तोवर तो खाली जाऊन तंबाखू मळून यायचा. कोडमध्ये ओळ आत सरकवायला टॅब दाबायचा की स्पेस, यावरून या दोघांचं पंधरा दिवस बोलणं बंद होतं आणि निरोप माझ्यामार्फत जायचे.

माझं मत काळ्या स्क्रीनचं. पूर्ण काळी पार्श्वभूमी, त्यावर करडी, बारीक अक्षरं. एका वेळी जितक्या जास्त ओळी दिसतील तितकं मला बरं वाटायचं. लोडशेडिंग सुरू झालं की मी सांगायची, काळ्या स्क्रीनला वीज कमी लागते, माझ्यामुळं इन्व्हर्टर जास्त टिकतो. परभणीकरानं एके दिवशी वीज मोजायचं मीटर आणलं आणि माझ्या मॉनिटरला लावलं. स्क्रीन काळी केली, पांढरी केली, परत काळी केली. आकडा जागचा हलला नाही. आमच्या मॉनिटरमधला दिवा मागून कायम जळतच असतो, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. मी मत बदललं नाही, फक्त कारण बदललं. डोळ्यांना थंड वाटतं, म्हणायला लागले.

चौथ्याचं मत दर महिन्याला बदलायचं. पाचवे होते भाई. वय पन्नाशीचं. वीस वर्षं त्यांनी शहागंजच्या एका प्रेसमध्ये कंपोझिंग केलेलं. मराठी आणि उर्दू, दोन्ही. लग्नपत्रिका, निकाहच्या दावती, दुकानांच्या उद्घाटनाची निमंत्रणं, बिलबुकं. प्रेस बंद पडली तेव्हा क्लास लावून प्रोग्रॅमिंग शिकले आणि आमच्यात आले. त्यांची स्क्रीन पांढरी शुभ्र, अक्षरं काळी आणि एवढाली मोठी की आम्ही म्हणायचो, भाईंचं कोड रस्त्यावरून वाचता येतं. भाई हसायचे. "कागज पे काळंच असतं ना अक्षर," म्हणायचे. "मी काय नवीन करतोय?"

त्या उन्हाळ्यात आम्हाला एका संस्थेचं काम मिळालं. लासूर स्टेशनच्या आसपासच्या काही गावांना ती संस्था टँकरनं पाणी पुरवायची. कोणत्या गावाला किती खेपा झाल्या, कोणती गाडी गेली, याची नोंद ठेवायची आणि ड्रायव्हरला द्यायची चिठ्ठी छापायची, एवढंच सॉफ्टवेअर. ते माझ्याकडं आलं. मी ते मनापासून केलं. सगळी गावं एकाच पानावर बसवली, वर-खाली सरकवायची गरजच ठेवली नाही. अर्थात स्क्रीन काळी, अक्षरं करडी. निवडलेल्या गावाची ओळ किंचित उजळ व्हायची. मला ते फार देखणं वाटत होतं.

देण्याआधी सगळ्यांना दाखवलं. भाई खुर्ची ओढून जवळ आले, चष्मा कपाळावर चढवला, मग परत खाली घेतला.

"लई बारीक झालं, बेटा," ते म्हणाले. "उकार कापले जातायत खालून. इथं बघ. गावाचं नावपण पूर्ण नाय दिसत."

"रकाना मोठा केला तर एका पानावर मावत नाही, भाई."

"मग दोन पानं कर. काय बिघडतं?"

माझ्या सहा आठवड्यांच्या कामावर त्यांनी एका मिनिटात बोट ठेवलं होतं, आणि तेही सगळ्यांसमोर. मी म्हणाले, "भाई, ही लग्नपत्रिका नाहीये."

परभणीकर हसला. भाई खुर्ची मागं ढकलत आपल्या टेबलाशी गेले आणि कामाला लागले. दुपारी त्यांनी नेहमीसारखी मला डब्यातली भाजीची वाटीही पुढं केली, त्यामुळं त्यांना लागलं नसावं असं मी स्वतःला समजावलं.

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी मालक फोन हातात धरून माझ्या टेबलाशी आले. एका गावाला तीन दिवस पाणीच पोचलं नव्हतं आणि त्याच नावाच्या शेजारच्या गावाला रोज दुप्पट जात होतं. आपल्याकडं एकाच नावाची दोन गावं असतात, एक खुर्द आणि एक बुद्रुक, म्हणजे धाकटं आणि थोरलं. ही तशीच जोडी होती. "जाऊन बघून या," मालक म्हणाले. "फोनवर मला काही कळेना."

बसनं लासूर स्टेशनला पोचेपर्यंत अकरा वाजले. संस्थेचं ऑफिस म्हणजे बाजाराच्या कडेला पत्र्याची एक खोली. दाराची एकच बाजू उघडी, आणि त्यातून येणारं ऊन थेट मॉनिटरवर. मशीनसमोर एक ताई बसल्या होत्या, चाळिशीच्या, कपाळापर्यंत पदर. त्यांनी खोक्याचा पुठ्ठा कापून मॉनिटरच्या तीन बाजूंना चिकटवला होता आणि त्या त्यात जवळजवळ डोकं घालून बघत होत्या.

"दार लावलं तर दिसतं का?" मी विचारलं.

"दिसतं थोडं. पण मंग जीव घाबरा होतो उकाड्यानं. अन् डायवर लोक चिठ्ठी घ्यायला कुठून येतील?"

मी त्यांच्या खुर्चीवर बसले. समोर मला माझाच चेहरा दिसला, मागं उघडं दार आणि त्यातून दिसणारा उभा टँकर. काळी स्क्रीन आरशासारखी झाली होती. पुठ्ठ्यात डोकं घातल्यावर ओळी दिसायला लागल्या. त्यात एकाखाली एक दोन सारखीच नावं होती. खुर्द आणि बुद्रुक नावाच्या शेवटी येतं, आणि शेवट माझ्या रकान्यात मावला नव्हता.

"तुम्ही खुर्द कसं ओळखता?"

"खालचं खुर्द. पाठच झालंय. पण खालचं दाबलं का वरचं, ते नाय कळत. रंग बदलतो म्हणले होते तुमी फोनवर. मला तर कधी बदललेला दिसला नाय."

मी खालच्या ओळीवर क्लिक केलं. ओळ उजळली. मला माहीत होतं म्हणून मला ते कळलं. जरा घाईनं केलं तर निवड वरच्याच ओळीवर राहायची, आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर बुद्रुक असं पूर्ण नाव छापून यायचं.

"मग आधीचे तीन आठवडे पाणी बरोबर कसं गेलं?" मी विचारलं.

बाहेर सावलीत बसलेल्या ड्रायव्हरनं उत्तर दिलं. आधीच्या ड्रायव्हरला सगळी गावं तोंडपाठ होती. तो चिठ्ठी न वाचताच खिशात घालायचा आणि खुर्दला जायचा. तीन दिवसांपूर्वी त्याला दुसऱ्या गाडीवर टाकलं आणि हा नवा आला. "मी वाचून जातो, मॅडम," तो म्हणाला. "चिठ्ठीवर बुद्रुक होतं, बुद्रुकला गेलो." म्हणजे माझी चूक पहिल्या दिवसापासून तिथं होती, आणि एक माणूस ती रोज दुरुस्त करत होता.

त्या दिवशीची पहिली खेप खुर्दला निघाली होती. मी ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसले. ताई म्हणाल्या, "तुमी कशाला उन्हाच्या जाता?" पण मला जावंसं वाटत होतं.

गाव लहान होतं. टँकरचा पाइप विहिरीत सोडला आणि बायका दोर टाकून शेंदायला लागल्या. भांडण, आरडाओरडा असं काही झालं नाही. तीन दिवस त्यांनी बुद्रुकहून डोक्यावर पाणी आणलं होतं, आणि आता आपलं आलं म्हणून भराभर कामाला लागल्या होत्या. विहिरीच्या कठड्याला टेकून एक म्हातारी उभी होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तू पाण्याच्या हाफिसातली व्हय?"

"नाही आजी, मी कॉम्प्युटरची."

"मंग आमचं गाव नाय का कॉम्प्युटरात?"

"आहे. पण पूर्ण दिसत नव्हतं."

"बुद्रुकचं दिसत होतं?"

"त्याचंही अर्धंच दिसत होतं."

तिनं यावर थोडा विचार केला. "मंग त्यायलाच कसं काय पाणी गेलं?" तिनं विचारलं. मला ते समजावून सांगता आलं नाही. वरची ओळ, खालची ओळ, असं काहीतरी बोलायला गेले आणि अर्ध्यात थांबले. "चुकलं आमचं," एवढंच म्हणाले. तिनं मान डोलावली आणि घागर भरून निघून गेली. माझ्या कामाबद्दल माफी मागायची ती माझी पहिलीच वेळ होती.

संध्याकाळी ऑफिसात परतले तेव्हा भाई निघायच्या तयारीत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, पुठ्ठ्यापासून म्हातारीपर्यंत. ते ऐकत राहिले. त्यांच्या जागी मी असते तर काय बोलले असते ते मला माहीत होतं, म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी विचारलं, "दाराला पडदा लावता येईल का तिथं?"

"नाही. हवा लागते त्यांना."

"मग अक्षरच मोठं करू."

"भाई, मी त्या दिवशी पत्रिकेचं बोलले..."

"हौ, बोललीस." त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची ओढली. "बुरा लगा था. वीस साल काम केलं मी तिथं. पत्रिकेत एक टिंब चुकलं तर पाचशे लोकांच्या हातात जातं, परत घेता येत नाय. तुझं तरी दुरुस्त करता येतं. चल, दाखव."

पुढचे दोन दिवस आम्ही एका मशीनवर बसून काम केलं. पांढरी पार्श्वभूमी, काळी ठळक अक्षरं, दोन ओळींत एवढी जागा की रफार आणि उकार मोकळे राहतील. गावं दोन पानांवर गेली. खुर्द आणि बुद्रुक हे शब्द नावाच्या आधी घेतले. निवडलेली ओळ गडद पिवळी व्हायची आणि चिठ्ठी छापण्याआधी गावाचं पूर्ण नाव मध्यभागी मोठ्या अक्षरांत यायचं. मला ते अजिबात देखणं वाटत नव्हतं. भाईंना मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "मलापण नाय वाटत."

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं लासूर स्टेशनला गेलो. भाईंनी ताईंना मशीनवर बसवलंच नाही. दारात उन्हात उभं केलं आणि म्हणाले, "ताई, तिथून वाचा." ताईंनी पहिल्या पानावरची गावं एकामागून एक वाचली. एका नावावर अडखळल्या, तर भाईंनी ते अक्षर तिथंच अजून मोठं करायला लावलं. शेवटी ताई आत आल्या आणि मॉनिटरचा पुठ्ठा उचकटून काढला. चिकटपट्टीचे पांढरे डाग राहिले. त्यांनी पदरानं ते पुसायचा प्रयत्न केला आणि सोडून दिलं.

नंतर त्या दर आठवड्याला फोन करायच्या. बटण मोठं करा, तारीख आपली आपण येऊ द्या, ड्रायव्हरचं नाव बदलायची सोय करा. मी ते सगळं करून द्यायची. त्या उन्हाळ्यात खुर्दचं पाणी पुन्हा चुकलं नाही. पुढच्या वर्षी त्याच संस्थेनं चारा छावणी चालवली आणि जनावरांची नोंद त्याच सॉफ्टवेअरवर ठेवली. गावांच्या यादीला आम्ही हात लावला नाही.

माझी स्वतःची स्क्रीन अजून काळीच आहे. ऑफिस बंद होऊन बरीच वर्षं झाली. मी आता घरूनच एका दूरच्या कंपनीचं काम करते आणि आमच्या बैठकांमध्ये अजूनही रंगांवरून, एडिटरवरून तासन्‌तास वाद होतात. मीही त्यात हिरिरीनं बोलते. फक्त दुसऱ्या कुणासाठी काही बनवत असले, तर ते कुठं बसून वापरणार, दार कुठल्या बाजूला आहे, हे आधी विचारते. लोकांना तो प्रश्न विचित्र वाटतो.

भाईंनी नोकरी सोडल्यावर सिटी चौकाजवळ मुलाबरोबर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं. मागच्या दिवाळीत तिकडं गेले होते. मशीनसमोर एक कॉलेजची मुलगी आपला फॉर्म तपासत होती आणि भाई तिच्या मागं उभे राहून सांगत होते, "नाव मोठ्यानं वाच. पूर्ण वाच." मला बघून त्यांनी हातानं थांब अशी खूण केली. मुलीचं वाचून होईपर्यंत मी बाकावर बसून राहिले.