मास्तरांच्या दुकानाची मालकीण

आमच्या गल्लीतल्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. कापड बेतण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता; फक्त ‘नाही’ म्हणणं त्यांना जमत नसे. “उद्या मिळेल का?” “मिळेल की.” माझी पँट या उद्यावर चार महिने लटकली. मिळाली तेव्हा मी तिच्यात मावत नव्हतो. तो राग अजून गेलेला नाही.

लोक त्यांच्याकडून कपडेच नव्हे, सह्याही घेऊन जात. कोणाच्या कर्जाला जामीन, कोणाच्या भाड्याला हमी. म्हणून दुकानाचा गाळा विकत घ्यायची वेळ आली तेव्हा वहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, निक्षून सांगितलं, “गाळा पोरीच्या नावावर घ्या. तिच्याकडे सही मागायला कोणी येणार नाही.” पोर पहिलीत होती. पैसे मास्तरांनी भरले, पालक म्हणून सही त्यांनीच केली आणि दुसऱ्या दिवसापासून ते लेकीच्या दुकानात शिवायला बसले.

काही वर्षांनी मास्तरांच्या धाकट्या भावाला धंदा काढायचं सुचलं. धंदा त्याचा, त्यासाठी विकायचा गाळा मात्र पोरीचा. मास्तर अर्थातच “बरं” म्हणाले. वकिलांनी सांगितलं, अज्ञान मुलीची जागा बापालाही परस्पर विकता येत नाही, कोर्टाची परवानगी लागते. अर्ज केला. न्यायाधीशबाईंनी विचारलं, “यात मुलीचा फायदा काय?” मास्तरांनी बराच वेळ डोकं खाजवलं. “तसा काही नाही, बाई.” वकिलांनी कपाळाला हात लावला. अर्ज फेटाळला गेला आणि वहिनी त्या रात्री शांत झोपल्या.

भाऊ थांबला. ही चिकाटी त्याने कामात दाखवली असती तर गाळ्याची गरजच पडली नसती. मुलगी अठरा वर्षांची झाली त्याच सकाळी तो कागद घेऊन दुकानात हजर. मी पँट उसवून सैल करून घ्यायला आलो होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं.

“काकाचं एवढं काम कर, बाळा. आता तू सज्ञान आहेस, तुझी एक सही पुरे.” त्याने डोळ्यांत पाणीही आणलं. ते त्याला हवं तेव्हा येत असे.

मुलीने बापाकडे पाहिलं. बाप मशीनवर मान खाली घालून बसला होता.

“बरं, काका,” ती म्हणाली आणि पेन उचललं.

सूर बापाचाच, मानही त्याच्यासारखीच डोलली. मशीन थांबलं. मास्तर उठले आणि त्यांनी लेकीच्या हातातलं पेन काढून घेतलं.

“नाही.”

भावाने कागद पुन्हा पुढे सरकवला. “गाळा तिचा, सही तिची. तुझा काय संबंध?”

कायद्याने त्याचं बरोबर होतं.

“तिला नाही म्हणता येत नाही,” मास्तर म्हणाले. “माझ्यावर गेलीय.”

भाऊ पाय आपटत निघून गेला. मास्तर परत मशीनवर बसले, पण सुईत दोरा काही जाईना. शेवटी तो मुलीने ओवून दिला.