आमच्या शाळेचे नामवंत माजी विद्यार्थी

माझ्या घोटाळ्यांची मोजदाद करायला बसलो तर चहाची अख्खी किटली संपेल, म्हणून आज एकच सांगतो. पण जरा जपून हसा हं, त्यात माझी नोकरी गुंतली होती!

सेनगावात तेव्हा आमची खाजगी इंग्रजी शाळा नवी होती. वय तीन वर्षं, सगळ्यात वरचा वर्ग तिसरी, अन् मी तिथला इंग्रजीचा मास्तर. मे महिन्यात संस्थेचे अध्यक्ष अण्णा म्हणाले, "सर, जूनमंदी वीस नवी लेकरं आली न्हाईत तर शाळा बंद. तुमी बी मोकळे, मी बी मोकळा."

मग त्यांनी एक गुळगुळीत माहितीपत्रक पुढं टाकलं. भाच्यानं विलायतेतून आणलेलं, तिथल्या एका खाजगी शाळेचं. साडेचारशे वर्षांचा इतिहास! अन् नामवंत माजी विद्यार्थी? सेनापती काय, शास्त्रज्ञ काय, एक तर थेट पंतप्रधान! प्रत्येक नावापुढं शाळा सोडल्याचं वर्ष.

"आपलं बी बराबर असंच पायजे," अण्णा म्हणाले.

इतिहास सोपा होता. शाळा तुरीच्या गोदामात सुरू झाली, मग पत्र्याखाली आली, संपला इतिहास. पण नामवंत आणायचे कुठून? आमची थोरली पोरं अजून तेराच्या पाढ्यात अडकलेली!

तीन दिवस डोकं खाजवलं अन् एकदम उजेड पडला. माजी म्हणजे कोण? जो सोडून गेला तो! रजिस्टर चाळलं, तर टी.सी. म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला नेलेली सात पोरं निघाली. सगळी समोरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलेली. तिथल्या गुरुजींना विचारून एकेकाचा पराक्रम लिहून घेतला. पल्लवी वक्तृत्वात तालुक्यात पहिली, गजानन धावण्यात पहिला, असे सातही जण. पुढं शाळा सोडल्याचं वर्ष, विलायतेसारखंच. खोटं एक अक्षर नाही!

अण्णा खूश. आठवडी बाजारात, जीपगाड्यांत, पत्रकंच पत्रकं वाटली.

जूनमध्ये शाळा उघडली अन् दारात ही रांग! मी खुर्ची पुढं ओढली, प्रवेशअर्जांचा गठ्ठा सोडला.

पहिलाच होता तांड्यावरचा सुभाष, पहिलीतल्या राजूचा बाप. "सर, टी.सी. पायजे."

"काहून? काही तकलीफ?"

"तकलीफ कशाची? तुमीच छापलं ना? ज्यानं ज्यानं ही शाळा सोडली, त्याचं नाव झालं. मग आमचंच पोरगं काहून मागं ठेवता?"

"अरे बाबा, पण त्यांचा पाया आम्हीच घातला!"

"व्हय, आमच्याबी पोराचा झाला की पक्का. आता वरचं बांधकाम तिकडं."

मागची सगळी रांग माना डोलवू लागली. टी.सी. लिहून लिहून माझी बोटं आखडली. अण्णा रागावलेसुद्धा नाहीत हो, नुसते डोकं धरून बसले. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

अन् रांगेत शेवटी कोण असावं? आमची बायको! बोटाला आमची दुसरीतली लेक.

"तू काहून आलीस?"

"हिची बी टी.सी. द्या."

"अगं, मी स्वतः शिकवतो इथं!"

"म्हणूनच तर मी एवढे दिवस इचार करून राहिले होते. तुमचं पत्रक वाचलं अन् खात्रीच पटली."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. माझं म्हणणं बायकोला पटल्याची ती पहिलीच वेळ!