आपल्या आगराचं मीठ बाधत नाही

आमच्या घरात शिस्त न पाळणारं एकच आहे, ते म्हणजे माझ्या थोरल्या मुलाचं, अमृतचं, हृदय. बाकी मुलगा अगदी गुणी. भाईंदरच्या खाडीलगत आमचं पिढीजात मिठागर आहे, त्याची सगळी देखरेख तोच करतो आणि वडिलांपुढे कधी आवाज चढवत नाही. लहानपणी सांधे सुजवणारा ताप आला होता. तो ताप गेला, पण जाताना हृदयाची एक झडप आखडून गेला. हे आम्हाला कळलं बहात्तर साली, धाप लागून तो मिठागराच्या बांधावर मटकन बसला तेव्हा.

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हृदयाचे वरचे कप्पे नीट दाबले न जाता नुसते थरथरतात, म्हणून ठोके वाटेल तसे पडतात. हे जायचं नाही, सांभाळायचं. रोज सकाळी नाडी मोजायची, साठाच्या खाली असेल तर गोळी घ्यायची नाही. जड काम बंद. आणि मीठ जवळजवळ बंदच, नाहीतर अंगात पाणी साठेल आणि एक दिवस फुप्फुसात चढेल. मग त्यांनी विचारलं, "घरचा व्यवसाय काय?" आम्ही सांगितला. डॉक्टरांनी कागदावरच्या 'मीठ बंद'खाली आणखी एक रेघ ओढली.

गावात तज्ज्ञांची टंचाई नव्हतीच. कोणी कांद्याचा रस सांगितला, कोणी अंगारा आणला. शेजारच्या शांतीबाई म्हणाल्या, "त्याचं लगीन करून द्या. ठोका आपोआप जाग्यावर येतो."

"काकी, एक बिघडलंय ते पुरे," अमृत म्हणाला. "आणखी एकीचं कशाला बिघडवायचं?"

सकाळी चहाआधी तो घड्याळ समोर धरून मनगट चाचपत बसायचा. मी स्वयंपाकघरातून विचारायचे, "आज कसं आहे?"

"आज बाजारासारखं. दोघे घाईत, एक रेंगाळतोय, एक आलाच नाही."

असली उत्तरं देणाऱ्या मुलाची आई निवांत असते, असा लोकांचा समज आहे.

दुसऱ्या हिवाळ्यात त्याच्या चपलेचा पट्टा पावलात रुतायला लागला. मग त्याला आडवं झोपवेना. भिंतीला उशा लावून बसल्या बसल्या डोळा लागायचा. डॉक्टरांनी लघवी होण्याची गोळी वाढवली आणि मला विचारलं, "मीठ?" मी शपथेवर सांगितलं, कणभरही नाही. त्याची डाळ-भाजी मी स्वतः वेगळ्या पातेल्यात करत होते. डॉक्टर म्हणाले, "मग ते कुठून तरी जातंय. आता पाणी फुप्फुसात चढलं तर भाईंदरहून इथवर यायला वेळ मिळेलच असं नाही."

घरी येऊन मी पातेल्यावर नजर ठेवली. चोर सापडायला फार कष्ट पडले नाहीत, कारण तो लपतच नव्हता. माझ्या सासूबाई, सावित्रीबाई, सरळ फडताळाशी गेल्या, चिमटीत मीठ घेतलं आणि अमृतच्या डाळीत टाकलं.

"आई, डॉक्टरांनी बंद केलंय ना?"

"डाक्टरनी बाजारचं बंद केलंय. ह्या आपल्या आगराचं हाय. आपलं मीठ बाधत न्हाय." आणि वर, "जित्या पोराला अलनी जेवन देतेस? तू कालेजात शिकलीस ना गो?"

मिठावर जगलेल्या घराला मीठ विष वाटावं कसं? आमचे हेही त्यांच्याच बाजूचे निघाले. अमृतला मी विचारलं, "तुला चव कळली नाही?"

"पहिल्या दिवसापासून कळलीय. आजीला वाईट वाटेल म्हणून गप्प होतो. आणि खरं सांगू, डाळ छान लागत होती."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी त्याची पँट गुडघ्यापर्यंत वर सारली आणि सासूबाईंचा अंगठा धरून त्याच्या नडगीवर दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. सासूबाईंचं आयुष्य खाडीच्या चिखलात गेलेलं; पाणी धरलेली जमीन त्यांना कोणी दाखवायला लागत नाही. त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं, मग दुसरा पाय पाहिला.

"याच्या पायात खाडी शिरलीय," त्या म्हणाल्या, आणि उठून गेल्या.

चारच दिवसांनी हंगामाचं पहिलं मीठ निघालं. आमच्याकडे ते भाकरीवर ठेवून घरच्या थोरल्या मुलानं सगळ्या गड्यांसमोर खायचं असतं. त्यानं खाल्लं नाही तर मीठ धरत नाही, पाण्याचं पाणीच राहतं म्हणतात. ह्यांनी भाकरी पुढे केली. गडी बघत होते. अमृतनं माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला, कारण वडिलांपुढे आवाज न चढवणारा मुलगा दुसरं काय करणार?

भाकरी मधल्यामध्ये सासूबाईंनी उचलली आणि माझ्या धाकटीच्या, मंदाच्या, हातात दिली. "तू खा."

हे म्हणाले, "आये, पोरीनी खाल्लेलं चालत न्हाय. मीठ पान्यात जाईल."

"जाऊ दे. पान्यातूनच आलंय."

मंदानं तोंड वेडंवाकडं करत खाल्लं. त्या वर्षी मीठ बरं निघालं. ह्यांच्या मते ते मंदा असूनही निघालं.

अमृतची सूज उतरली. गावाच्या मते अंगाऱ्यानं. ठोके अजून तसेच वाटेल तसे पडतात आणि मी अजून रोज सकाळी विचारते. त्याचं पातेलं मात्र आता माझ्याकडे नाही. सासूबाई ते स्वतः शिजवतात, स्वतः वाढतात, आणि मी जवळ गेले की हातानं झाकतात.

"लांब राहा," म्हणतात. "तुझ्या डोल्यादेखत मीठ पडत व्हतं नि तुला कललं न्हाय."