पद्माअक्कांचा उपास नव्हता

डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावरून माझ्याकडे सरकवला. "बेचाळीस? एवढी कमी शुगर असलेलं माणूस तुमच्या लॅबमध्ये चालत येतं?"

"चालत नाही सर, ऑटोतून आल्या. मुलाने धरून आणलं."

"दुसऱ्या लॅबमधून करून घेतो. तुमच्या मशीनचं काही खरं नाही."

मशीनवर बोट ठेवलं की माझं डोकं फिरतं. निपाणीहून बेंगळुरूला आलो तेव्हा एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेस्ट ट्यूब धुवायचो. काम करत करत कोर्स केला आणि नव्वदच्या दशकात जयनगरमध्ये स्वतःची लॅब टाकली. रोज सकाळी मशीन तपासल्याशिवाय मी पहिला नमुना लावत नसे. तरीही म्हटलं, घ्या करून, कारण प्रश्न पेशंटचा होता.

पेशंट म्हणजे पद्माअक्का. बेंगळुरूतल्या जुन्या मराठी घरातल्या, पन्नाशीच्या, घरी शिवणक्लास चालवायच्या. बारा वर्षं डायबेटिस, रोज इन्सुलिन. महिन्याभरात दोनदा घाम फुटून शिलाई मशीनवरच कोसळल्या होत्या. रक्तातली साखर सत्तरच्या खाली गेली की धोका सुरू होतो. झोपेत फार उतरली तर माणूस सकाळी उठेलच असं नाही.

दुसऱ्या लॅबचा आकडा आला पंचेचाळीस. मला वाटलं, आता तरी हे ऐकतील. डॉक्टरांनी नवीनच काढलं.

"ही बाई उपास लपवते. सोमवार, शनिवार, एकादशी. या बायकांना सांगून थकलो."

इन्सुलिन टोचून उपाशी राहिलं की साखर उतरते, यात खोटं काही नाही. म्हणून घरच्यांनाही ते लगेच पटलं. मुलगा श्रीनिवास आईवर ओरडला, "पुन्हा उपास केलास तर क्लास बंद करून टाकीन!"

पुढच्या तपासणीला अक्का आल्या तेव्हा एप्रिलचं ऊन होतं आणि त्यांच्या अंगात स्वेटर होता. मला शीर सापडेना. हात सुजल्यासारखा, गार, कातडी कोरडी. तळवे पिवळट, पण डोळे पांढरे, म्हणजे कावीळ नव्हे. आवाज घोगरा झालेला.

"अक्का, खरं सांगा. उपास करता?"

"नाही रे अण्णा." शब्द सावकाश येत होते. "एकादशीसुद्धा सोडली. सून समोर बसून जेवायला घालते. तरी सगळे मलाच खोटी म्हणतात."

"कधीपासून असं गार वाटतंय?"

"स्वल्प थांब, आठवू दे. दिवाळीनंतर. क्लासच्या पोरी हसतात मला, अक्का आता सीलिंग फॅनला घाबरतात म्हणून."

हॉस्पिटलमध्ये असताना असे हात मी पाहिले होते. गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते. ती मंदावली की सगळं शरीर मंदावतं. टोचलेलं इन्सुलिनही शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून नेहमीचाच डोस जास्त होतो आणि साखर घसरते. डायबेटिस असलेल्यांत थायरॉइडची तक्रार इतरांपेक्षा जास्त आढळते. ती ओळखायची टेस्ट म्हणजे टीएसएच. ग्रंथी मंदावली की हा आकडा चढतो.

मी डॉक्टरांना फोन केला. "सर, टीएसएच करू या. आणि रिपोर्ट येईपर्यंत इन्सुलिन थोडं कमी करा."

"डोस मी ठरवतो. तुम्ही टेस्ट विकू नका."

त्यांनी फोन आपटला. माझ्या हातात पेन होतं, ते मी मोडलं. घासाघीस करणारा म्हणून माझं नाव होतं, आणि ते नाव त्या दिवशी अक्कांना भोवत होतं. मी काहीही सांगितलं तरी तो धंदाच ठरणार होता.

श्रीनिवासला सांगितलं, उशाशी साखर ठेव, पहाटे उठून आईला हाक मार. अक्कांना विचारून त्यांचंच रक्त मोठ्या लॅबमध्ये घेऊन गेलो. तेव्हा ही टेस्ट आमच्यासारख्या छोट्या ठिकाणी होत नसे. तिथला मॅनेजर म्हणाला, "किट उघडलं की संपवावं लागतं, म्हणून वीस नमुने जमले की उघडतो. तुमचा धरून सतरा झाले. पुढच्या मंगळवारी लागेल."

"तीन आणखी दिले तर?"

"तर आज."

मी बाही वर केली. "एक माझं घ्या. माझी रिसेप्शनिस्ट येतेय, दुसरं तिचं. तिसरं तुमचं. आणि या तिघांचे मिळून पैसे एकाचेच."

"अहो, रक्ताचा भाव करताय? भाजी आहे का ही?"

"भाजीवाली मला आठवडाभर थांबवत नाही."

तो हसला आणि त्याने स्वतःचा हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी अक्कांचा टीएसएच आला अडुसष्ट. पाचाच्या आत असायला हवा होता.

रिपोर्ट घेऊन मी अक्का आणि श्रीनिवासबरोबर क्लिनिकमध्ये शिरलो. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. अक्कांचा गळा चाचपला, घोट्यामागे छोटी हातोडी मारून पाऊल किती सावकाश हलतं ते पाहिलं. मग इन्सुलिन जवळजवळ निम्मं केलं आणि थायरॉइडची गोळी लहान डोसने सुरू केली. गोळी लागू पडेल तसं इन्सुलिन पुन्हा वाढवावं लागेल, हेही नीट समजावलं. उपचार अगदी बरोबर होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

"सर, एक राहिलं," मी म्हणालो.

"काय?"

"यांनी उपास केला नव्हता. ते मुलाला सांगा."

"रिपोर्टवरून कळतंय ना."

"उपासाचं तुम्ही तोंडाने सांगितलं होतं."

डॉक्टरांनी घंटी वाजवून पुढच्या पेशंटला बोलावलं. अक्का उठल्या. "सरी, ठीक आहे अण्णा, चल," एवढंच म्हणाल्या. श्रीनिवास खाली बघत होता. जिन्यात तो म्हणाला, "अम्मा, माझं चुकलं."

"मला नाही, तुझ्या बायकोला सांग," अक्का म्हणाल्या. "ती रोज सांगत होती, मी जेवते म्हणून. तिलाही खोटं पाडलंस."

पावसाळ्यापर्यंत अक्कांचा आवाज मोकळा झाला आणि क्लासही नेहमीसारखा भरू लागला. डॉक्टरांनी ही केस त्यांच्या मीटिंगमध्ये स्लाइड लावून मांडली, असं मागाहून कानावर आलं. निदान त्यांनीच केल्याचं त्यात होतं. माझ्याकडे मात्र त्यांनी त्यानंतर एकही पेशंट पाठवला नाही. तो राग माझा अजून गेलेला नाही आणि जावा असंही वाटत नाही.

जेवण तेच, इन्सुलिन तेच आणि तरी साखर सारखी उतरत असेल तर थायरॉइड तपासून घ्या. रिपोर्ट हातात येईपर्यंत पेशंटला खोटं ठरवू नका.