आजींचा किनाऱ्याचा रस्ता

दोन हजार चार-पाचच्या सुमारास लंडनमधल्या हॅरोत आमच्या शेजारी जमैकाच्या एक आजी राहायच्या. रविवारी मी त्यांना गाडीतून चर्चला सोडायचे. वाटभर त्या बेटावरच्या किनाऱ्यालगतच्या रस्त्याबद्दल बोलायच्या: कुठल्या वळणावर भाजलेलं कणीस मिळतं, कुठल्या गावात बस हमखास रेंगाळते.

भावाच्या अंत्यविधीला त्या तिकडे जाऊन आल्या. पुढच्या रविवारी गाडीत मी त्या रस्त्याबद्दल विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "नवा हायवे झालाय, डार्लिंग. गावं बाजूलाच राहिली. कधी घर आलं, कळलंच नाही."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आज तुझ्या गावचा रस्ता सांग."

मी मालवणहून वेंगुर्ल्याला जाणाऱ्या आमच्या रस्त्याचं सांगू लागले. चर्च आलं, तरी त्या उतरेनात.

"मग पुढे?" त्यांनी विचारलं.