चेंडू परत देणारा मिस्त्री

माझे भावोजी फरशा बसवायचं काम करतात. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. चारचौघांत ताईसुद्धा "आमचे मिस्त्री" असंच म्हणते. आठवडाभर गुडघ्यांवर बसून लोकांची न्हाणीघरं सपाट करायची आणि सुट्टीच्या दिवशी उभं राहून देशासाठी बॅटिंग करायची, असं त्यांचं आयुष्य बरीच वर्षं चाललं. देशासाठी म्हणजे आम्ही पोटासाठी येऊन राहिलो त्या परक्या, चिमुकल्या देशासाठी, पण खरोखरच देशासाठी हो. छातीवर चिन्ह, पाठीवर नंबर, सामन्याआधी राष्ट्रगीत. आता ते राष्ट्रगीत ऐकायला मैदानात पाच-पन्नास माणसं असायची आणि त्यातली निम्मी खेळाडूंची बायकापोरं, ही गोष्ट वेगळी.

लोकांना क्रिकेट म्हणजे टीव्हीवरचं तेवढंच ठाऊक. त्याच्या खाली, पार तळमजल्यावर आमचं क्रिकेट चालतं. उगवत्या संघांची एकदिवसीय लीग म्हणतात तिला. नाव ठेवणाऱ्याला काय जातं! आमच्यातले कित्येक संघ जन्मभर उगवतच राहतात. पण सगळं रीतसर असतं. पन्नास षटकं, परदेशी पंच, एका देशातून दुसऱ्या देशात दौरे. शेवटी वरचे संघ वर जातात आणि तळाचे बाहेर. बाहेर म्हणजे अनुदान बंद, दौरे बंद, आणि पुढे कितीतरी वर्षं कुत्रंही विचारत नाही.

मी या संघाचा व्यवस्थापक होतो. पद ऐकायला भारी आहे. काम म्हणजे व्हॅन चालवणं, पाण्याच्या बाटल्या भरणं आणि भावोजींच्या गुडघ्यांना पट्ट्या गुंडाळणं.

आमचं मैदान गोदामांच्या मागे होतं. मधोमध सिमेंटची पट्टी, तिच्यावर काथ्याची चटई अंथरायची आणि कडेनं खिळे ठोकायचे. चटई एका अंगाला कायम फुगलेली. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आम्हाला लावायची सोय नव्हती. आमचं अंगण खरंच वाकडं होतं. संघात एक नर्सचं काम करणारा, एक बेकरीवाला, दोन टॅक्सीवाले, बाकी असेच. प्रत्येकाची पाळी निराळी, त्यामुळे सरावाला तिघं आले तरी आम्ही खूश. एक बॅटिंग करणार, एक बॉलिंग, तिसरा चेंडूमागे पळणार. विकेटकीपर ही चैन परवडायची नाही. म्हणून चेंडू फलंदाजाच्या आसपास थांबला, की त्यानंच तो उचलून गोलंदाजाला परत द्यायचा, ही आमच्या मैदानाची रीत पडली. आपला हात जगन्नाथ.

भावोजींचं या कामात मन असायचं. खाली वाकायचं, चेंडू उचलायचा, पँटला पुसायचा आणि गोलंदाजाच्या बरोबर छातीशी जाईल असा अलगद टाकायचा. "तो बिचारा रात्रपाळी करून आलाय," म्हणायचे, "त्याला कशाला वाकायला लावायचं?" आणि स्वतः? दिवसभर वाकूनच तर आलेले असायचे! मुळात माणूस भिडस्त. रस्त्यात कुणाची पिशवी पडली की मालकाच्या आधी हे वाकलेले. ताई चिडायची, "जगाचं पडलेलं उचलायचा मक्ता घेतलाय का तुम्ही?"

नियमाप्रमाणे हे चालत नाही. चेंडू खेळात असताना फलंदाजानं क्षेत्ररक्षकांना न विचारता तो हातानं परत दिला, तर तो बाद होऊ शकतो. पण आमच्या लीगमध्ये समोरचे संघही असल्याच मैदानांवरून आलेले. त्यांचे फलंदाजही तेच करायचे आणि गोलंदाज वर "थँक्यू" म्हणायचे. अपील कोण करणार? एकदा एका पंचानं भावोजींना बजावलं होतं, "आधी विचारत जा." यांनी मान डोलावली आणि पुढच्याच षटकात पुन्हा चेंडू उचलून दिला. हाताला लागलेली सवय मान डोलावून जात नाही.

त्या मोसमाचा शेवटचा सामना आला तेव्हा आम्ही आणि समोरचा संघ, दोघंही काठावर होतो. जो जिंकेल तो लीगमध्ये राहणार, जो हरेल त्याचा गाशा गुंडाळला. भावोजींच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ताईनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. हेच या सामन्यासाठी थांबले होते. आदल्या संध्याकाळी पट्ट्या बांधताना मला म्हणाले, "उद्यानंतर मी नाही खेळणार. पण मागे संघ राहिला पाहिजे रे. मी गेलो आणि दुकानही बंद झालं, तर एवढी वर्षं हे गुडघे झिजवले कशासाठी?"

त्यांना असं काही मागताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी काहीतरी थट्टा केली. त्यांनी ती कानावर घेतली नाही.

सामना आमच्या हातात होता, हे मी आजही छाती ठोकून सांगतो. भावोजी सुरुवातीला गेले ते उभेच. समोरून माणसं येत होती, जात होती, आणि हे आपले एकेक फरशी ठोकून बसवावी तसे एकेक धाव काढत होते. शेवटी जिंकायला जेमतेम वीस-बावीस धावा उरल्या. षटकं भरपूर होती. गडी मात्र दोनच शिल्लक होते, आणि पुढे येणाऱ्या आमच्या बेकरीवाल्याच्या हातात बॅटपेक्षा लाटणं शोभलं असतं.

गोलंदाजानं चेंडू टाकला, भावोजींनी तो शांतपणे अडवला. चेंडू त्यांच्या बुटापाशी येऊन थांबला. गोलंदाज दमलेला, कमरेवर हात ठेवून अर्ध्यात उभा होता. भावोजींनी त्याच्याकडे बघितलं. वाकले. चेंडू उचलला, पँटला पुसला आणि त्याच्या छातीशी अलगद टाकला.

गोलंदाजानं तो झेललासुद्धा. आणि मागून त्यांच्या कप्तानानं अपील केलं.

क्षणभर कुणाला काही कळेना. दोन्ही पंच एकत्र आले, कुजबुजले. मग मोठ्या पंचानं कप्तानाला विचारलं, "अपील मागे घेणार का?" तो मनुष्य जमिनीकडे बघत उभा राहिला. त्याचे स्वतःचे खेळाडू त्याच्याकडे बघेनात. मग त्यानं मान हलवली. नाही.

पंचानं बोट वर केलं. भावोजींनी हुज्जत घातली नाही. बॅट काखेत मारली आणि निघाले. पंच त्यांच्यामागे दोन पावलं चालत गेला. त्यालाही बिचाऱ्याला वाईट वाटलं असणार. म्हणाला, "नुसतं विचारलं असतं, तरी चाललं असतं हो."

पुढचं काय सांगायचं? बेकरीवाला आला तसा गेला. आम्ही हरलो.

कपडे बदलायच्या खोलीत सगळे आपापल्या बॅगा भरत होते. शेवटी टॅक्सीवाल्यांपैकी एक बुटाच्या नाड्या सोडता सोडता म्हणाला, "मिस्त्रीला चेंडू उचलायला सांगितलं होतं कुणी?" बस, एवढंच. थोड्या वेळानं तो कप्तान दारात आला. मी उठलोच होतो, त्याची गचांडी धरायची म्हणून. भावोजींनी मला हातानं खाली बसवलं.

"माझाही संघ बुडत होता," तो म्हणाला.

"बरोबर केलंस तू," भावोजी म्हणाले. "नियम आहे."

मला त्या दिवशी कप्तानापेक्षा भावोजींचा जास्त राग आला. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय खोटं नाही. ज्याच्या गोलंदाजावर दया करायला गेले, त्यानंच गळा कापला आणि हे त्याला वर शाबासकी देतात!

अनुदान बंद झालं. गोदामवाल्यांनी मैदान परत घेतलं, आता तिथे ट्रक उभे असतात. नर्स दुसऱ्या देशात गेला, टॅक्सीवाले टॅक्सी चालवतात. रस्त्यात भेटलो की आम्ही हवापाण्याच्या गोष्टी करतो आणि सटकतो. भावोजींचं ऑपरेशन झालं. कामावर पुन्हा जाऊ लागले. सामन्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही, म्हणून आम्हाला वाटलं, विसरले असतील. माणूस किती मूर्ख असतो, बघा.

परवा मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. मी आणि भावोजी टेबलाशी बसलेलो, ताई आत भांडी घासत होती. एकदम धप्पकन आवाज आला. माझ्याआधी तेच उठून धावले. मी मागोमाग पोचलो, तर ताई ओल्या फरशीवर बसलेली, एक पाय अंगाखाली दुमडलेला, तोंड कळवळलेलं. भावोजी तिच्यासमोर वाकलेले होते. दोन्ही हात पुढे केलेले, पण तिच्यापासून वीतभर अलीकडे थांबलेले.

"उचलू का?" ते विचारत होते.

ताई आधी हसली. तिला वाटलं, चेष्टा करतायत. मग तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते खरंच थांबले होते. ती हो म्हणेपर्यंत ते हात पुढे येणार नव्हते.

"अहो, मी आहे," ती म्हणाली. पडल्यावर रडली नव्हती, ती आता रडायला लागली. "मला काय विचारता?"

"तरीपण," भावोजी म्हणाले. "तू हो म्हण."